ओट्यामागची पांढरी भिंत

मावला, आदिलाबाद
११ जून १९८९

ती. गं. भा. सासूबाईंस,
चारुशीलाचा शि. सा. नमस्कार.

दादाजींनाही नमस्कार. हे पत्र आधी त्यांच्याच हातात पडणार आणि तेच तुम्हाला वाचून दाखवणार. गावचं टपालाचं काम त्यांच्याच ओसरीवर चालतं, त्यामुळे तुमच्यासोबत गयाबाई, चंपतराव आणि विडी ओढत बसलेले आणखी चार जण ऐकणार, हेही मला ठाऊक आहे. म्हणून जपून लिहिते.

कामापुरतंच पत्र आहे. भिंतीला गेरू लावायचा तर तो अंगाला न लागता टिकतो कसा, एवढं विचारायचं होतं. गावच्या घरात चुलीच्या बाजूला तुमचा गेरूचा पट्टा आहे. लग्न होऊन आले तेव्हा त्याला पाठ टेकून मी दोन तास बसले होते आणि शालूला कणभर लागलं नव्हतं. तेव्हा विचारायला सुचलं नाही.

इथलं स्वयंपाकघर तुम्ही तीनच दिवस पाहिलंत. छातीपर्यंत पांढऱ्या टाइल, वर पांढरा चुना, दार-खिडकीला पांढरा रंग आणि डोक्यावर ट्यूबलाइट. यांनी हैदराबादला साहेबांच्या घरी तसं पाहिलं आणि ओव्हरसियरचं घर साधं कसं ठेवायचं म्हणून हट्टाने करून घेतलं. मलाही आवडलं होतं, खोटं कशाला सांगू. तुम्ही उंबऱ्यातच थांबून म्हणालात, "अवं, इथं जेवू घालतेत का सुई टोचतेत?" तेव्हा मला राग आला होता. आता चार महिने झाले. ओट्याजवळ कोणी टेकत नाही. ताट वाढून घेतात आणि पुढच्या खोलीत जातात. तुमची नात सुमन जुन्या क्वार्टरमध्ये वही घेऊन माझ्या पायाशी बसायची, तीही आता बसत नाही. मी एकटी चकचकीत भिंतीकडे बघत पोळ्या लाटते. तुमचं वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

तर ही खोली जरा माणसांत आणायची आहे. फोडाफोड करायची नाही, टाइलला खिळा मारायचा नाही, हे यांनी आधीच बजावलंय. जे काय करायचं ते वरच्या वर.

राहिली दुसरी गोष्ट. वास्तुशांतीच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही पहाटेच निर्मलची बस धरून निघून गेलात. हे दोनदा घ्यायला आले, तुम्ही आला नाहीत आणि कारणही सांगितलं नाहीत. ओट्यामागच्या टाइलवर तुम्ही हळदीचा हात उमटवला होता आणि मी तो पुसला, एवढ्यावरून मनात काही धरलं असेल तर सांगते. टाइल नवीन होती, डाग बसला असता. वाटीत उरलेली हळदसुद्धा मी फेकली नाही, दुपारच्या वरणात घातली. दुसरं काही नव्हतं.

गेरूचं तेवढं कळवावं.

आपली,
चारुशीला


मावला
९ जुलै १९८९

ती. गं. भा. सासूबाईंस,
शि. सा. नमस्कार.

उत्तर आलं नाही. दादाजी पत्र ठेवून घेणाऱ्यांतले नाहीत, म्हणजे तुम्ही ऐकलंत आणि गप्प बसलात. बसा. मी माझ्या अकलेने गेरू आणला, पाण्यात कालवला आणि टाइलच्या वर, चुन्यावर, हातभर रुंदीचा पट्टा ओढला. दिसायला फार छान दिसला. संध्याकाळी हे पाणी प्यायला आत आले, नळ उघडेपर्यंत भिंतीला रेलले आणि मग पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर तो पट्टा घेऊन तसेच साहेबांकडे गेले. साहेबांच्या बायकोने विचारलं, भिंत पडली का तुमच्यावर. दोन दिवस माझ्याशी बोलणं नव्हतं. शर्ट मी तीनदा उकळला, अजून गुलाबी आहे.

एक गोष्ट मात्र जमली. ट्यूब काढली आणि साठचा बल्ब लावला. यांचं म्हणणं, बिल वाढतं. वाढू दे. ट्यूबच्या उजेडात कणीकसुद्धा आजारी दिसायची. बल्ब लागल्यावर पहिल्यांदा वरणाचा रंग वरणासारखा दिसला.

हे करताना एक लक्षात आलं ते लिहिते. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पांढरा ओटा, पांढरी भिंत आणि वरून ट्यूबचा झगझगाट, यात तुम्हाला ओट्याची कड कुठे संपते ते दिसत नव्हतं. तुम्ही दोनदा तिथे कंबर आपटली होती आणि मीठ समजून रांगोळीच्या डब्यात हात घातला होता. तेव्हा मी हसले. हसायला नको होतं.

शर्टाची खबर ओसरीवर सगळ्यांनी ऐकली असेलच. आता तरी गेरूचं सांगा.

चारुशीला


मु. मुधोळजवळ
२३ जुलै १९८९

चि. सौ. चारुशीला हिस, दादाजीचे अनेक आशीर्वाद. बयनाबाई समोर बसल्या आहेत. त्या सांगतात तसे लिहितो, शब्द बदलू नको अशी ताकीद आहे.

"गेरू रातभर भिजू घालाचा. नुसत्या पान्यात कालवला तं तो शर्टालेच लागन, भितीले काऊन लागन? चिचोके भाजाचे, फोलपट काढाचं, कुटाचे अन् त्याची खळ शिजवाची. पातळ. ते गेरूत घालाची. पयला हात वाळू द्याचा, मंग दुसरा. आभाळ असलं तं लावू नको. टाइलवर लावाच्या भानगडीत पडू नको, ते काच हाय, काचेले काई धरत नाई.

शर्ट लिंबानं धुवाचा.

आमी खुशाल हाओ."

इतकेच सांगितले. येण्याबद्दल विचारले तर म्हणाल्या, पत्र गेरूचं आलं, जवाब गेरूचा दिला.

— दादाजी


मावला
२० ऑगस्ट १९८९

ती. गं. भा. सासूबाईंस,
शि. सा. नमस्कार.

खळ जमली. चिंचोके कुटून हाताला फोड आला, पण पट्टा पक्का बसला. हे चार वेळा मुद्दाम पाठ घासून बघून गेले. मग मी त्याच गेरूची एक ओळ खाली जमिनीलगत ओढली आणि दाराच्या दोन्ही बाजूंनी वर नेली. आता आत येणाऱ्याला कुठून कुठपर्यंत भिंत आहे ते कळतं. ओट्याच्या कडेला गेरू टिकेना, म्हणून तिथे इचोड्याहून सागाची पट्टी आणून नुसती अडकवून दिली. चिकटवली नाही की ठोकली नाही. हात फिरवला की कड लागते.

पंख्यासाठी यांनी छतात कडी सोडली होती, पंखा काही आला नाही. तिथे शिंकं टांगलं आणि त्यात दुधाचं मडकं ठेवलं. खिडकीला तुमचं जुनं हिरवं लुगडं लावलंय, ज्यात गाठोडं बांधून आणलंत आणि जे घाईत इथेच विसरून गेलात. रागावू नका, फाडलं नाही, नुसतं दोरीवर घातलंय, परत हवं तर परत मिळेल. सकाळचं ऊन त्यातून येतं तेव्हा अर्धा ओटा हिरवा होतो. सुमन परवा वही घेऊन खाली बसली. बसली आणि पाढे म्हणायला लागली. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, उठेल या भीतीने.

डिसेंबरात इथे डोळ्यांचं शिबिर आहे. मोतीबिंदू काढतात. आधी तपासणी, मग ऑपरेशन, मग महिनाभर धुरापासून लांब राहायचं. गावी चुलीपुढे ते होणार नाही. यांचा जीव त्यात अडकला आहे. रोज जेवताना म्हणतात, ती येणार नाही, मी तिला ओळखतो, आणि मग ताट तसंच ठेवून उठतात. यंदा चुकलं तर पुढच्या वर्षापर्यंत किती दिसत राहील सांगता येत नाही. म्हणून तुम्ही यायलाच हवं.

दादाजी, पुढचं जरा हळू वाचावं, ही विनंती.

सासूबाई, डागाचं कारण मी लिहिलं ते पुरतं खरं नव्हतं. त्या संध्याकाळी कॉलनीतल्या बायका हळदीकुंकवाला येणार होत्या. शेजारच्या पद्मजाबाई म्हणाल्या की नव्या घरात, चुलीच्या मागे, कपाळ मोकळं असलेल्या बाईचा हात बरा दिसत नाही. बायका बघतील, बोलतील. मी त्यांचं ऐकलं. माझ्या मनात तसं काही नव्हतं. शेजाऱ्यांत राहायचं तर ऐकावं लागतं.

कळावे, लोभ असावा.

चारुशीला


मु. मुधोळजवळ
३ सप्टेंबर १९८९

चि. सौ. चारुशीला, आशीर्वाद. हळू वाचले. पण आमच्या ओसरीवर हळू वाचले की लोक सरकून जवळ येतात, तेव्हा सर्वांनी ऐकले. माझा इलाज नव्हता. आता बयनाबाई सांगतात ते.

"लुगडं राहू दे. हिरवा रंग आता मले कुठं नेसाचा हाय.

शिंकं चांगलं केलं. मडकं रोज भायेर वाळवाचं, नाई तं दूध नासते.

पद्मजानं सांगतलं तं पद्मजानं. तिचं नाव मले कायले सांगून राह्यली? घासाचा सोडा तिच्या हातात व्हता का? माह्या समोर गाव म्हनते का म्हातारी गॅसले भिऊन पळाली. चंपतराव तं रोज इचारते, काय हो बयनाबाई, गॅसचा भडका पाह्यला का? म्या म्हनतो हो, पाह्यला. आनखी काय सांगू?

डोळ्याचं म्हनशीन तं मले माहं घर आंधारात बी दिसते. गयाबाई पानी आनून देते. मी येत नाई."

ता. क. परवा चुलीवरचे भांडे उतरवताना त्यांचा हात भाजला आहे. डावा आहे, फार नाही. हे लिहू नको म्हणाल्या, म्हणून त्या उठून गेल्यावर लिहिले.

— दादाजी


मावला
१ ऑक्टोबर १९८९

ती. सासूबाईंस,
चारुशीलाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

दादाजी, हे पत्र मोठ्याने वाचा. ओसरीच्या टोकाला कोणी असेल त्याला जवळ बोलवा. चंपतराव नसतील तर ते येईपर्यंत थांबा.

पोळ्याला हे गावी येऊन गेले. परत आल्यावर म्हणाले, "आई गॅसला भ्यायली, असं अख्खं गाव म्हणतंय आणि ती हसून हो म्हणते. खरंच भ्यायली होती का?" मी म्हटलं, मला काय माहीत. म्हणजे सात महिने झाले तरी तुम्ही पोटच्या मुलालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी मला काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत होतं, म्हणूनच नाही सांगितलं.

त्यानंतर परवा पद्मजाबाई साखर मागायला आल्या आणि चक्क स्वयंपाकघरात पाटावर बसल्या. आजवर त्या दारातूनच बोलायच्या. म्हणाल्या, "किती बरं वाटून राह्यलं इथं आता. तुमच्या सासूबाईला बी डोळ्याला थंड वाटल, बोलवून घ्या त्यांना." मी त्यांना साखर दिली आणि त्या गेल्यावर ओट्याला धरून उभी राहिले. कारण हात पुसला त्या दिवशी पद्मजाबाई इथे नव्हत्याच. निर्मलला भावाकडे गेल्या होत्या. त्या मला काही बोलल्या नाहीत, कोणीच काही बोललं नाही. मी सकाळी उठून आत आले, पांढऱ्या टाइलवर पिवळाधमक हात पाहिला आणि माझ्याच मनात आलं की विधवेचा हात आहे, नव्या चुलीमागे आहे, बायका यायच्या आत गेला पाहिजे. विचार माझा होता. सोडा माझ्या हातात होता. पहिल्यांदा मी टाइलवर ढकललं, मग शेजारणीवर ढकललं. तुमच्या नावाआधी विधवेची ती 'गं. भा.' दोन अक्षरंही मी प्रत्येक पत्रात न चुकता लिहीत आले. आज लिहिली नाहीत.

आणखी एक. तुम्हाला नीट दिसत नाही, म्हणजे पुसलेलं कळणार नाही, असं धरून मी ते केलं. हे मला सगळ्यात जास्त लागतं.

म्हणून ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना सांगते. बयनाबाई गॅसला भिऊन पळाल्या नाहीत. त्यांनी त्या ओट्यावर पहिल्याच दिवशी मला विचारून गॅस पेटवला आणि चहा केला. त्या गेल्या, कारण त्यांच्या सुनेने त्यांचा हात भिंतीवरून सोड्याने घासून काढला. चूक सुनेची आहे. पुन्हा कोणी त्यांना भडक्याचं विचारलं तर हे पत्र दाखवायचं.

हात गेला, पण टाइलच्या सांध्यांतलं पिवळं गेलं नाही. पांढरं सिमेंट ते प्यायलं होतं. यांना दिसू नये म्हणून मी त्यावर बोटाने चुना फिरवला. पिवळं झाकायचं राहिलं बाजूला, सांधे लाल झाले. पाच बोटं जिथे होती तिथे वेड्यावाकड्या लाल रेघा आहेत. गॅससमोर उभं राहिलं की त्या डोळ्यांपुढेच येतात. पट्टा ओढला, बल्ब लावला, पडदा लावला, सगळी खोली बदलली. तेवढ्या चार टाइल तशाच आहेत. त्यांना काय लावायचं ते तुम्ही या चारही उत्तरांत सांगितलं नाहीत, आणि मी विचारलंही नाही.

चारुशीला

दादाजी, "चारही" लिहिलं, उत्तरं दोनच आली आहेत. खाडाखोड करत नाही, पत्र परत लिहायला घेतलं तर ते टपालात पडणार नाही.


मु. मुधोळजवळ
१५ ऑक्टोबर १९८९

चि. सौ. चारुशीला, आशीर्वाद. मोठ्याने वाचले. बयनाबाई तेव्हा उठून घरी गेल्या. आठ दिवसांनी आज स्वतःहून आल्या आणि लिही म्हणाल्या.

"चारुशीले, तुहं पत्र आयकून चंपतराव उठला, तमाकू सपली म्हने. तवापासून मले काई इचारत नाई. समोरून जाते तं राम राम करते.

मले दिसत नाई हे खरं हाय. पन त्या दिवशी सोड्याचा वास आला, मंग घासल्याचा आवाज. म्या म्हनलं पोरगी भांडे घासून राह्यली असन. दुपारी वरन तोंडात घातलं तवा समजलं. येवढी हळद वरनात कोनी टाकत नाई. कडू झालं व्हतं. म्या सपवलं, पानात टाकलं नाई.

वाटीतली हळद तुह्यासाठी व्हती. आमच्या घरची रीत हाय, तुले कोनी सांगतली नसन, माह्या पोराले, अनंताले तं काईच ठाव नसते. नव्या चुलीमांगं सासूनं हात द्याचा. सुनेनं न्हाऊन याचं अन् त्याच्याखाली आपला द्याचा. त्या दिवसापासून चूल सुनेची, सासूनं तिच्यात बोलाचं नाई. माह्या सासूनं मले दिली तवा तिचं बी कपाळ मोकळंच व्हतं. कोनी काई म्हनलं नाई. तुमी शिकलेले लोक, तुमाले लवकर दिसते.

म्या तुले सैपाकघर देऊन राह्यली व्हती. तू ते वरनात टाकून मलेच खाऊ घातलं.

राग व्हता. लई व्हता. आता पुरे झाला. तू मले एकलीले लिवलं असतं तं मी आली नसती. चार मानसांत माहं नाव गेलं व्हतं, चार मानसांत तू आनून देलं.

हळदीले चुना लागला का कुकू व्हते. मॅट्रिक झाली अन् येवढं ठाव नाई? त्या चार टाइलीले काई लावू नको.

धनतेरशीच्या आदल्या दिवशी येतो. अनंताले निर्मलच्या स्टँडवर उभं कर, मले बसच्या पाट्या वाचता येत नाई. बजारची हळद आनून ठेवू नको, त्याच्यात काय काय राह्यते. घरची आनतो. पितळेचे दोन डबे बी आनतो, ते तुह्या शिंक्याजवळ चमकतीन. ऑपरेशनचं मंग पाहू."

त्यांनी हे सांगताना दोनदा पदर डोळ्याला लावला. धूर नव्हता. हे मी माझ्या पदरचे लिहिले.

— दादाजी


मावला
५ नोव्हेंबर १९८९

ती. दादाजींस,
सौ. चारुशीलाचा सा. नमस्कार.

सासूबाई समोर पाटावर बसल्या आहेत आणि सांगतात तसं मी लिहिते. शब्द बदलायचे नाहीत, ही ताकीद आता मला आहे.

"दादाजी, मी पोचली. गयाबाईले सांग, कोंबडी इकू नको. पोरीनं खोली बरी केली. बल्ब चांगला हाय, पन टांगला लई वर. पट्टा सरळ नाई, म्या बोट फिरवून पाह्यलं, दाराजवळ वाकडा झाला. सागाच्या पट्टीले हात लागते, कंबर वाचली. तपासनीले नाव देलं, डिसेंबराच्या चार तारखेले बलावलं. आधी डावा डोळा."

इथे त्यांनी विचारलं, पट्टा वाकडा आहे हे लिहिलं का. लिहिलं म्हटलं. पुढचं माझं.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी त्यांनी मला न्हाऊन यायला सांगितलं. आले तेव्हा त्यांचा हळदीचा हात भिंतीवर उमटला होता, त्याच चार टाइलवर, लाल रेघांच्या बरोबर वर. दिसत नसताना त्यांनी ती जागा बोटांनी सांधे चाचपून शोधली होती. वाटी माझ्यापुढे केली. मी त्यांच्या हाताखाली माझा दिला. माझा हात त्यांच्यापेक्षा मोठा निघाला. हे बाहेर उभे राहून बघत होते. संध्याकाळी पद्मजाबाई आणि कॉलनीतल्या बायका आल्या. कोणाचा हात म्हणून एकीने विचारलं. वरचा सासूबाईंचा, खालचा माझा, असं मी सांगितलं आणि त्यांना ओट्याजवळच बसवून फराळाचं दिलं.

चूल माझी झाली, आता त्या तिच्यात बोलणार नाहीत असं ठरलं होतं. दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या की वरणात हळद कमी आहे.

खाली अंगठा उमटवलाय. त्यांनी शाईचं पॅड घेऊ दिलं नाही, वाटीतल्या हळदीतच बुडवला. टपालातल्या माणसांना तो डाग वाटेल. त्या सांगतात, ओसरीवर सगळ्यांना दाखवा आणि पुसू नका.